वारमावशी

वारमावशी बातमी सांगून थांबत नसत, ती आपल्याकडून म्हणवून घेत. "गुरुवारी सकाळी पाणी बंद" एवढं सांगून झालं की त्या दारातून हलत नसत. कमरेवर हात ठेवून विचारत, "मी काय सांगं? सांगा बरं." मग आपण म्हणायचं, "गुरुवारी सकाळी पाणी बंद." एखादा शब्द गळला की पुन्हा पहिल्यापासून. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. दिवसभर मी चौथीच्या मुलांकडून पाढे म्हणवून घ्यायचे आणि संध्याकाळी घरी आले की मावशी माझ्याकडून पाणी म्हणवून घ्यायच्या. एकदा घाईत मी "हो हो, कळलं" म्हणून दार लोटलं. त्यांनी कडी वाजवली आणि शांतपणे विचारलं, "काय समजनं?"

आम्ही गुजरातेत, उधन्याला राहायचो. गल्लीच्या दोन्ही बाजूंना सोसायटीची घरं होती आणि त्यात आमच्यासारखे नोकरदार लोक होते, कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी पोस्टात. गल्ली पुढे एका कडुलिंबापाशी वळायची. वळणापलीकडे एकीला एक चिकटून खोल्यांची रांग होती. तिथे धुळे-जळगावकडून आलेली, कापडाच्या लूमवर काम करणारी माणसं राहायची. तिला आम्ही 'मागची ओळ' म्हणायचो. मागच्या ओळीतले लोक आम्हाला काय म्हणायचे ते मला कधी कोणी सांगितलं नाही. मावशी त्या ओळीतल्या. त्यांचे यजमान लूमच्या कारखान्यात होते आणि मावशी घरी बसून साड्यांचे सुटे धागे कापायच्या. त्यामुळे त्यांच्या अंगावर कायम रंगीत दोरे चिकटलेले असायचे, आणि त्या बातमी सांगून गेल्या की आमच्या उंबऱ्यात एखादा गुलाबी धागा पडलेला सापडायचा. त्यांचं खरं नाव मला माहीत होतं, पण त्या नावानं विचारलं असतं तर गल्लीत कोणी तुम्हाला त्यांचं दार दाखवलं नसतं.

प्लेगची साथ येऊन गेल्यावर शहराला स्वच्छतेची एकदम आठवण झाली होती. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे पाण्याची नवी लाइन टाकायचं काम निघालं. एका सकाळी मी दार उघडलं तर पायरीच्या पुढे जमीनच नव्हती. चर खणला होता आणि पलीकडच्या शेजारीणबाई त्यांच्या पायरीवर माझ्यासारख्याच उभ्या होत्या. आम्ही एकमेकींना नमस्कार केला, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. दुपारी कोणीतरी फळ्या टाकल्या. त्यानंतर कित्येक महिने आमची गल्ली फळ्यांवरून चालली. जुनी लाइन मधूनमधून तोडली जायची, मधूनमधून जोडली जायची, आणि पाणी आज येणार की नाही हे सांगणारा जगात एकच माणूस होता, ठेकेदाराचा सुपरवायझर मगनभाई.

मगनभाई चलथाणहून स्कूटरवर यायचे. उसाच्या ट्रकांमागे अडकून रोज उशीर व्हायचा आणि रोज त्यांना त्याचं तितकंच आश्चर्य वाटायचं. स्वभावानं माणूस गरीब. पाणी कधी येईल असं कोणीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "हजी वार छे." गुजरातीत वार म्हणजे वेळ, उशीर. अजून वेळ आहे, जा घरी. लोक जायचे. मावशी गेल्या नाहीत. त्यांचं गुजराती भाजीबाजारापुरतं होतं. त्या चराच्या काठावर उभ्या राहून म्हणाल्या, "वार शे ते कोन्ता वार शे? सोमवार का मंगयवार?"

"अरे मासी, वार एटले वार!"

"हा, पन कोन्ता?"

हे बराच वेळ चाललं. मजूर कुदळी टेकवून ऐकत उभे राहिले. शेवटी मगनभाईंनी घाम पुसला आणि म्हणाले, "हारुं, हारुं, गुरुवार! बस?" मावशी तडक गल्लीत आल्या आणि घरोघर गुरुवार देऊन गेल्या. आणि गुरुवारी खरोखर पाणी आलं. मगनभाईंचाच त्यावर विश्वास बसेना. त्या दिवसापासून मावशी वारमावशी झाल्या, आणि मगनभाईंना कोणत्याही कामाचा वार दिल्याशिवाय जेवणाचा डबा उघडता येईना. मावशींना ते 'वार' खरंच कळत नव्हतं की त्या मुद्दाम तसं करत होत्या, हे मला शेवटपर्यंत उमगलं नाही. आमचे हे म्हणायचे, "बाई पक्की आहे." मला मात्र वाटतं, सुरुवातीला खरंच कळलं नसेल, आणि कळल्यावर त्यांनी न कळणं चालू ठेवलं असेल.

बातमी म्हणवून घेण्यामागचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. साथीच्या दिवसांत गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी 'पाणी उकळून प्या' असं सांगितलं. ते वाक्य दारोदार फिरत वळणापर्यंत पोचलं तेव्हा त्याचं 'पाण्यात विष घातलंय' झालं होतं. अर्धी मागची ओळ तशीच स्टेशनवर गेली आणि मिळेल त्या गाडीनं खानदेशात. मावशी आणि त्यांचे यजमानही गेले. परत आले तेव्हा त्यांच्या लूमवर दुसराच माणूस उभा होता. यजमानांना काम मिळेपर्यंत पुढचा पावसाळा आला. "एक शबद बदलना आनि आमनं चुल्हं बंद व्हयनं," त्या म्हणाल्या. तेव्हापासून त्यांचा नेम एकच होता. "मी आयकेल सांगस नही. देखेल सांगस." ऐकलेलं सांगायचं नाही, पाहिलेलं सांगायचं. मगनभाई बोलले तरी त्या स्वतः चराच्या टोकापर्यंत चालत जायच्या, पाइप उतरलाय का, जोड बसलाय का ते वाकून बघायच्या आणि मगच दारं वाजवायला लागायच्या.

पाणी किती वेळ बंद राहणार हे त्या तासांत सांगत नसत, हंड्यांत सांगत. "दोन हंडा बंद" म्हणजे किरकोळ. "पिंपभर बंद" म्हणजे दिवस गेला. आमच्या यांना हे पटायचं नाही. हे बँकेत होते आणि वेळ घड्याळात मोजतात यावर त्यांचा विश्वास होता. "मावशी, नक्की किती तास?" मावशी त्यांच्याकडे दयेनं बघायच्या. "तासनं माले माहीत नही साहेब. तुमना घरले तीन हंडा पुरतीन." तीन पुरायचे. चार भरले तर एक उरायचा. हे मग स्वतःच हंडे भरू लागले.

ठेकेदारानं एक पाटी आणून वळणावरच्या कडुलिंबाला टेकवली होती. तिच्यावर गुजरातीत लिहिलं होतं, 'काले पाणी बंद रहेशे', म्हणजे उद्या पाणी बंद राहील. तारीख नव्हती. पाटी एकदा आणली ती कोणी नेलीच नाही, त्यामुळे आमच्याकडे रोज उद्या पाणी बंद असायचं. पोस्टातले एक गृहस्थ काटेकोर होते, ते रोज सगळी भांडी भरून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी ओतून द्यायचे. मावशींना वाचता येत नव्हतं. पाटीवर काय आहे ते त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, विचार केला, आणि पाटी उलटी करून झाडाकडे तोंड करून ठेवली. खरोखर दुसऱ्या दिवशी पाणी बंद असेल तेव्हाच त्या ती सुलटी करायच्या. ठेकेदाराला वाटायचं पाटीचा उपयोग होतोय, आणि होतही होता.

मगनभाई अस्सल सुरती, त्यामुळे 'स'च्या जागी 'ह'. साडेसातला पाणी सुरू होईल हे ते "हाडा हात वाग्ये" असं सांगायचे. मावशींनी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हाडाला आणि हाताला काय झालं म्हणून चौकशी केली. पुढे गल्लीत सकाळच्या पाण्याचं नावच 'हाडाहात' पडलं. "तुमच्याकडे हाडाहात आलं का?" असं सुशिक्षित बायका एकमेकींना विचारायच्या आणि कोणालाही हसू यायचं नाही.

काम वळणाजवळ आलं तेव्हा मावशींनी मगनभाईंकडे मागच्या ओळीचा वार मागितला. त्या दिवशी मगनभाई प्रथमच 'वार छे' म्हणाले नाहीत. खाली बघत म्हणाले, "मासी, त्यां नथी." नकाशात लाइन कडुलिंबापर्यंत होती. मागची ओळ मंजूर नकाशात नव्हतीच. तिथल्या लोकांना हातपंपाचं मचूळ पाणी होतं आणि तेच राहणार होतं. ज्या लाइनची खबर मावशींनी महिनोन् महिने दारोदार दिली, ती त्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर थांबणार होती.

आमच्या मागच्या गॅलरीतून ती ओळ दिसायची आणि तिथलं बोलणंही ऐकू यायचं. संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे काढायला गेले तर मावशी नेहमीसारख्या दारं वाजवत निघाल्या होत्या. प्रत्येक दारात थांबायच्या, सांगायच्या. "लाइन आपलाकडे येनार नही." मग कमरेवर हात. "मी काय सांगं? सांगा बरं." आणि दारातला माणूस म्हणायचा, "लाइन आपलाकडे येनार नही." एका म्हाताऱ्यानं मान हलवली. तो म्हणाला, हे मी तोंडानं बोलणार नाही. मावशी त्याच्यापुढे उभ्या राहिल्या, पण पहिल्यांदाच त्यांनी आग्रह धरला नाही. पुढच्या दाराकडे वळल्या. माझ्या हातात वाळलेले टॉवेल होते आणि ते कुठे ठेवावेत हे मला सुचेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या ओळीतले पुरुष पहारी घेऊन चरात उतरले. आम्हाला नाही तर कोणालाच नाही. आमच्या गल्लीतले लोक काठावर उभे राहून ओरडायला लागले. चरात घामट बनियन आणि काठावर इस्त्रीचे शर्ट. मगनभाई एका पाइपवर बसून रडकुंडीला येऊन सांगत होते की काम अडलं तर ठेकेदार माणसं उचलून पर्वत पाटिया भागातल्या कामावर नेईल आणि मग या गल्लीकडे कोणी फिरकणार नाही. कोणी ऐकत नव्हतं. एकानं ढेकूळ उचललं. त्याच्या समोर आमचे हे होते. मला आयुष्यात इतकी भीती क्वचितच वाटली आहे.

मावशी आल्या. मांडीवरची साडी तशीच टाकून उठल्या असाव्यात, कारण अंगभर हिरवे धागे होते. काठावर उभ्या राहून, रोजच्या बातमीच्या आवाजात म्हणाल्या, "सोमवारले आपलाकडे पानी येनार शे. साहेबनी वार दिना शे."

पहारी हातातच थांबल्या. चरातून त्यांच्या यजमानांनीच विचारलं, "तू देखं का?"

मावशींनी पदराला चिकटलेला एक हिरवा धागा काढला. "देखं," म्हणाल्या.

वार देणारे साहेब तेच, म्हणून सगळ्यांनी मगनभाईंकडे पाहिलं. मगनभाईंना त्या गोंधळात 'सोमवार' आणि 'वार' एवढंच कळलं होतं. आजवर त्यांनी या बाईला इतके वार दिले होते की कोणता कशाचा हे त्यांना कुठून आठवणार? त्यांनी जोरात मान हलवली. "हा, हा, होमवार!" पुरुष पहारी घेऊन वर आले. ज्याच्या हातात ढेकूळ होतं त्यानं ते जपून खाली ठेवलं, आणि चौथीच्या मुलासारखं स्वतःशी म्हटलं, "सोमवारले पानी येनार शे."

दुपारी मावशी माझ्याकडे आल्या. मी चहा ठेवला. त्यांनी कप हातात घेतला आणि प्यायल्या नाहीत. "बाई, मी खोटं सांगं. कोनी वार दिना नही." मी म्हटलं, "मावशी, डोकी फुटली असती." त्या म्हणाल्या, "हा. पन मनं म्हननं त्या खरं मानतस. देखं म्हनी सांगं मी." पाहिलं म्हणून सांगितलं, हाच त्यांचा सल होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्या रडणाऱ्यातल्या नव्हत्या. मीच रडले आणि चहा गार झाला.

सोमवारी आमची लाइन सुरू होणार होती म्हणून पाणीखात्याचे साहेब स्वतः आले. वळणावर पोचले तर कडुलिंबाखाली मागच्या ओळीतल्या यच्चयावत बायका हंडे, कळशा, डबे मांडून बसलेल्या. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? बायका म्हणाल्या, "आज सोमवार." कोणी सांगितलं? बायकांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी मगनभाईंकडे पाहिलं.

"मगनभाई," साहेब म्हणाले, "तमे आ लोकोने वार आपी दीधो?"

मगनभाईंनी आभाळाकडे बघून आठवायचा प्रयत्न केला. माणूस प्रामाणिक होता. "आपी दीधो हहे, साहेब," ते म्हणाले. दिला असेल.

साहेबांनी कपाळाला हात लावला. हंड्यांकडे पाहिलं, पाइपच्या टोकाकडे पाहिलं. ते टोक हंड्यांपासून फार लांब नव्हतं. घरोघर नळ देणं त्यांच्या हातात नव्हतं, पण लाइनीच्या टोकाला एक सार्वजनिक नळ बसवणं होतं. तसं त्यांनी सांगितलं आणि सवयीनं पुढे म्हणाले, "पण थोडी वार लागशे."

"कोन्ता वार?" सगळ्या बायका एकदम म्हणाल्या.

साहेब दचकले. मग हसले. "आजे," म्हणाले. "आजे ज."

संध्याकाळी नळ वाजला, खोकला आणि त्यातून लाल पाणी आलं. साहेबांनी सांगितलं होतं की पहिल्या दिवशी ते प्यायचं नाही. मावशींनी ते लाल पाणी ओंजळीत घेऊन नीट पाहिलं आणि दोन्हीकडच्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं, प्रत्येकाकडून म्हणवून घेतलं. ती त्यांची शेवटची फेरी.

त्यानंतर त्यांनी बातमी देणं सोडलं. रुसल्या नव्हत्या, कोणावर राग नव्हता. विचारलं तर म्हणायच्या, "आते मनावर इस्वास ठेवू नका." आता माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी म्हटलं, "मावशी, पाणी आलं ना शेवटी? मग खोटं कुठे राहिलं?" त्या म्हणाल्या, "पानी उनं. पन मी सांगं तधळ ते देखेल नव्हतं." पाणी आलं, पण सांगितलं तेव्हा ते पाहिलेलं नव्हतं. किरकोळ जोडकामं अजून निघत होती; मगनभाई एकदा आपण होऊन त्यांच्या दारी वार घेऊन आले, "मासी, शुक्रवार!" मावशींनी त्यांना पाणी दिलं आणि गल्लीत स्वतः जाऊन सांगायला सांगितलं. बिचारे गेले. पाटी तोंड गल्लीकडे करून उभी राहिली आणि पोस्टातले गृहस्थ पुन्हा रोज भांडी भरायला लागले.

नळावर मावशी सगळ्यांच्या शेवटी उभ्या राहायच्या. कितीही लवकर आल्या तरी हंडा रांगेच्या टोकाला. बायका तो उचलून पुढे ठेवायच्या, मावशी तो पुन्हा मागे नेऊन ठेवायच्या. शेवटपर्यंत नळाची धार करंगळीएवढी होऊन जायची आणि कधीकधी त्या अर्ध्या हंड्यावर परतायच्या. मी त्यांना रागावले. त्या हसल्या. त्यांना वाटत होतं की त्या नळावर त्यांचा हक्क इतरांपेक्षा कमी आहे, आणि हे त्यांच्या डोक्यातून काढणं माझ्या शिकवण्याच्या पलीकडचं होतं. माझी त्या बाईवर फार माया होती. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही.

उन्हाळ्यात यांची बदली झाली. आम्ही निघालो त्या सकाळी रिक्षा वळणावर अडली, कारण नळाला पाणी आलं होतं आणि रांग रस्त्यावर आली होती. मावशींचा हंडा नेहमीप्रमाणे शेवटी ठेवलेला होता, त्या स्वतः घरात काहीतरी आणायला गेल्या होत्या. तेवढ्यात रांगेतली एक बाई पुढे झाली, तिनं तो हंडा उचलला, नळाखाली धरला, काठोकाठ भरला आणि होता तिथे नेऊन ठेवला. बाकीच्यांनी तिला वाट दिली आणि सगळ्या पुन्हा आपापल्या जागी उभ्या राहिल्या.

मावशी आल्या. भरलेला हंडा पाहून थबकल्या. "कोनी भरं हाई?" एक बाई कडुलिंबाकडे बघू लागली, दुसरी पदर सारखा करू लागली. ज्या गल्लीत पाण्याचा थेंब पडला तरी दोन्ही टोकांना खबर व्हायची, त्या गल्लीत त्या सकाळी कोणालाच काही माहीत नव्हतं. मग त्यांचं लक्ष आमच्या रिक्षाकडे गेलं. त्या जवळ आल्या, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि निरोपाचं काही बोलण्याआधी विचारलं, "बाई, तुम्ही देखं का?"

"नाही," मी म्हणाले.